खडा काढायचा नाही

"बाई, तुमचा अंक बिघडलाय. मी त्याच्याकडे लई वेळ बघितलं, पण तो सोपा होईना."

इस्लामपूरच्या एका मुलाचा हा आवाजी निरोप वृषाली कुंभारने पुन्हा पुन्हा ऐकला. आधी ती हसली. मग तिचं हसू गेलं. पोरगा चेष्टा करत नव्हता. कागद बिघडलाय असं त्याला खरंच वाटत होतं.

विट्यात यंत्रमागांच्या गल्लीत एका छापखान्याच्या माडीवरून 'खडा' नावाचं मुलांचं विज्ञान मासिक निघतं. गल्लीतले माग आता माणसाविना चालतात, पण माडीवर अजून माणसं भांडतात. पंचवीस वर्षांपूर्वी शाळेतली नोकरी सोडून वृषालीने हे मासिक काढलं, तेव्हा पुण्याच्या विद्वानांनी नावाची टिंगल केली होती. मुलांच्या मासिकाला काहीतरी चांदण्यांचं, फुलपाखरांचं नाव द्यावं म्हणाले. वृषालीने त्यांना उत्तर दिलं नाही, अंक पाठवला. भात खाताना दाताखाली खडा आला की माणूस चावायचं थांबतो, जीभ फिरवतो, काय आहे ते बघतो. त्या थांबण्यालाच ती विज्ञान म्हणायची.

'खडा'चा कायदा एकच. लेखात सोपं करता येईल तेवढं सगळं सोपं करायचं. जो लेखक ते करत नाही तो आळशी. पण एक जागा अशी राहिलीच पाहिजे, जिथे दहा वर्षांचं मूल थांबेल, मागे जाईल, पुन्हा वाचेल. तो खडा काढायचा नाही. जे अवघड आहे ते अवघड नाहीच असं मुलाला सांगणारा लेखक खोटारडा, आणि असले खोटारडे मुलांच्या पुस्तकांच्या धंद्यात रग्गड आहेत.

त्यासाठी दर शनिवारी सकाळी माडीवर सभा भरायची. गल्लीतली, आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची मुलं यायची. छापण्याआधीचा लेख एकेक मूल उभं राहून मोठ्याने वाचायचं. आवाज जिथे अडखळेल तिथे वृषाली लाल खूण करायची. संध्याकाळपर्यंत सगळ्या खुणांच्या जागा दुरुस्त व्हायच्या, एक सोडून. राज्यात दुसरं कुठलं मासिक असं निघत नव्हतं, आणि वृषालीला त्याचा गर्व होता. विनय वगैरे तिला कधी जमला नाही.

पण आता मुलांचे निरोप बदलले होते. पूर्वी प्रश्नांनी डोकं उठायचं. सरड्याला घाम येतो का, आवाज सावलीत मंद होतो का, चंद्रावर तवा तापायला किती वेळ लागेल. आता निरोप यायचे ते 'खूप छान', 'सगळं समजलं'. ज्या शाळांत सरळपान पोहोचलं होतं, तिथून एकही प्रश्न येत नव्हता, आणि इस्लामपूरच्या त्या पोराची शाळा त्यांतलीच होती.

सरळपान म्हणजे पाटीएवढा पातळ पडदा. वरच्या कडेला मुगाच्या दाण्याएवढा कॅमेरा. तो कॅमेरा फक्त वाचणाऱ्याचे डोळे बघतो. आपल्याला वाटतं वाचताना डोळा ओळीवरून घरंगळत जातो. तसं नसतं. डोळा उड्या मारतो. एका शब्दावर क्षणभर टेकतो, पुढे झेप घेतो, पुन्हा टेकतो. अवघड शब्द आला की टेकणं लांबतं. फारच अवघड असेल तर डोळा उलटी उडी मारून मागच्या शब्दावर जातो. आणि मेंदूला जोर लावावा लागला की उजेड तेवढाच असूनही डोळ्याची बाहुली किंचित रुंदावते. शास्त्रज्ञांना हे फार आधीपासून ठाऊक होतं. सरळपानाने त्यापुढचं एक पाऊल टाकलं. डोळा अडखळायला लागला की ते वाक्य बदलायचं. तरीही अडखळला तर आणखी बदलायचं. डोळा सरळ चालू लागेपर्यंत बदलत राहायचं. प्रत्येक मुलाच्या पानावर त्याच्यापुरता लेख. वाचून झाल्याबरोबर परीक्षा घेतली तर गुण उत्तम. शाळा खूश, पालक खूश, मुलं खूश.

मराठी मूल नेमकं कुठे अडखळतं, हे त्या यंत्राला शिकवलं कुणी? 'खडा'ने. पंचवीस वर्षांच्या लाल खुणांचे गठ्ठे वृषालीने आपल्या हाताने बांधून कंपनीकडे पाठवले होते, आणि अर्ध्या विट्याला ते सांगत फिरली होती. कारण सरळपान बनवणाऱ्यांत तिची लेक होती, रेवती.

*

रेवती पुण्याहून आली ती कंपनीचा प्रस्ताव घेऊन. शाळाखातं राज्यातलं सगळं अवांतर वाचन सरळपानावर नेणार होतं. 'खडा'ने होकार दिला, तर त्याचा प्रत्येक लेख राज्यातल्या प्रत्येक मुलापर्यंत जाईल. नाही दिला, तर शाळांकडून होणारी 'खडा'ची खरेदी बंद, आणि त्या खरेदीशिवाय छापखान्याची कळ दाबणं अवघड होतं. रेवतीने हे सगळं घुमवून-फिरवून न सांगता सांगितलं. आईकडून तिने तेवढं घेतलं होतं.

वृषालीने विचारलं, त्यात खडा राहील का. रेवती म्हणाली, नाही राहणार, यंत्राचं कामच ते आहे. मग वृषाली म्हणाली की ते मासिक 'खडा' नव्हे, मऊ भात झाला, तो म्हाताऱ्यांना द्यावा. यावर दोघींचं जे भांडण झालं ते खाली छपाईवाल्यांनीही ऐकलं. वाढतं ऊन, त्यापायी सकाळच्या शाळा, मुलांवर आधीच किती ओझं, तुला पुण्यात राहून काय कळतं, तुला विट्यात राहून काय कळतं, असं करत करत भांडण जिथे जायचं होतं तिथे गेलं.

"त्या सभेत पहिलं वाचन कायम माझं असायचं," रेवती म्हणाली. "शुक्रवारपासून मी ताप आल्याचं सोंग करायचे. मी अडखळले की पोरं फिदीफिदी हसायची, आणि तू खाली मान घालून खूण करायचीस. तुला खूण दिसायची आई, मी दिसत नव्हते."

वृषाली म्हणाली, "म्हणून तर तू इथवर पोचलीस."

"अडखळल्यामुळे नाही पोचले. अडखळूनसुद्धा पोचले. त्यात फरक आहे. आणि मी हे पान बनवलं ते यासाठी, की परत कुठल्या पोरीवर तशी वेळ येऊ नये."

लेकीच्या या बोलण्यात खोट नव्हती, हे वृषालीला तिथल्या तिथे कळलं. पण पटलं म्हणून हार मानणाऱ्यातली ती नव्हती. तिने सांगितलं, शनिवारच्या सभेत आण तुझं पान. अर्धी मुलं कागदावर वाचतील, अर्धी पानावर. मग होकार की नकार ते सांगते. रेवती म्हणाली, चालेल, आणि आमचे प्रकल्पप्रमुख नाईकसाहेबही येतील.

*

हर्षद नाईक शनिवारी सकाळी आला. वयाने रेवतीहून थोडा मोठा, बोलायला गोड, जिना चढताना दमला तरी हसत राहिला. त्याच्यासाठी माडी झाडली होती, खुर्चीवर चादर टाकली होती.

लेख होता पाण्यावर सुई तरंगवण्याचा. वाटीत पाणी घ्यायचं, कागदाच्या कपट्यावर सुई ठेवून कपटा अलगद पाण्यावर सोडायचा, कपटा भिजून बुडतो, सुई वर राहते. पाण्याचे कण एकमेकांना ओढून धरतात. आतल्या कणाला सगळीकडून ओढ असते, पृष्ठभागावरच्या कणाला वरून ओढणारं कुणीच नसतं. त्यामुळे वरचा थर ताणलेल्या कातडीसारखा वागतो आणि सुईचा भार पेलतो. या लेखातला खडा म्हणजे ते 'वरून ओढणारं कुणीच नसतं' हे वाक्य. तिथे मूल थांबायचंच.

आधी वाचन झालं. कागदवाली मुलं ठेचकाळत गेली. तेजल कदम नावाची पोरगी त्या वाक्याशी तीनदा झटली आणि शेवटी, हे काय लिहिलंय राव, म्हणून बसली. पानवाली मुलं सुसाट गेली. त्यांत पायल हिरवे होती. पायल दोन वर्षं सभेला येत होती आणि तिने एकदाही पूर्ण परिच्छेद वाचला नव्हता. पहिल्या ओळीतच तिचा आवाज आत जायचा आणि डोळे भरायचे. आज ती उभी राहिली आणि शेवटपर्यंत वाचत गेली. आवाज स्वच्छ, ताठ. वृषालीला आनंद झाला आणि तिने तो लपवला नाही, मोठ्याने शाब्बास म्हणाली. रेवती आईकडे बघत होती. नाईकने फोन काढून पायलचा फोटो घेतला.

मग प्रयोग. वाट्या मांडल्या, सुया वाटल्या. वाट्यांतल्या सगळ्या सुया बुडाल्या.

पुन्हा केलं, पुन्हा बुडाल्या. वृषालीने स्वतः करून बघितलं. तिची सुईही सरळ तळाला गेली. हा प्रयोग तिने शेकड्यांनी मुलांकडून करून घेतला होता. असं कधी झालं नव्हतं.

कागदवाल्या मुलांत कालवा सुरू झाला. कुणी म्हणालं सुई जाड आहे, कुणी म्हणालं तुझा हातच जड आहे, म्हशीसारखा. एकजण म्हणाला 'खडा'ने खोटं छापलंय. तेजल त्याच्या अंगावर धावून गेली की 'खडा' खोटं छापत नाही, आणि पुढच्याच दमात लेख काढून पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसली.

पानवाली मुलं मात्र शांत होती. ती वाटीकडे बघायची, पानाकडे बघायची, परत वाटीकडे. थोड्या वेळाने त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. पायल तर हसत होती. वृषालीने तिला विचारलं, काय गं, तुझी सुई बुडाली ना? पायल म्हणाली, हो, बुडाली, बरोबर झालं.

वृषालीने तिला पानावर काय आहे ते वाचायला सांगितलं. पायलने न अडखळता वाचलं.

"सुई लोखंडाची असते. लोखंड पाण्यापेक्षा जड असतं, म्हणून सुई पाण्यात बुडते. शाब्बास, तुझा प्रयोग बरोबर झाला."

पलीकडून अफताब म्हणाला की त्याच्या पानावर तर तरंगते असं आहे. त्याने वाटी न घेता घरून आणलेल्या डब्याच्या झाकणात पाणी घेतलं होतं आणि त्याची सुई खरंच तरंगत होती. त्यानेही वाचून दाखवलं. सुई अलगद ठेवली तर पाण्यावर तरंगते. शाब्बास, तुझा प्रयोग बरोबर झाला.

माडीवर एकच लेख होता, आणि दोन पोरं त्याच लेखातून उलटसुलट दोन गोष्टी शिकून खूश होती.

रेवतीचा चेहरा उतरला. काय झालं ते तिला इतरांच्या आधी कळलं. मुलांचा डोळा वाटीवरून येऊन 'तरंगते' या शब्दावर अडखळत होता, मागे जात होता, बाहुली रुंदावत होती. पान ते वाक्य बदलत राहिलं. शब्द सोपे केले, वाक्य तोडलं, काही चालेना. शेवटी त्याने अर्थच बदलला, आणि डोळा सरळ चालू लागला. यंत्राच्या लेखी काम फत्ते.

नाईक मात्र डगमगला नाही. त्याने समजावलं की प्रत्येक मुलाला आपल्या अनुभवाशी जुळणारा मजकूर मिळाला, याला दोष म्हणता येणार नाही. "दोन्ही मुलं समाधानी आहेत, मॅडम."

"सुईलाही विचारा समाधानी आहे का," वृषाली म्हणाली.

तेवढ्यात तेजलने वाटी नाकाला लावली आणि लिंबाचा वास येतोय असं जाहीर केलं. सगळ्यांनी आपापल्या वाट्या हुंगल्या. वर्षानुवर्षं सभेच्या वाट्या माडी झाडणाऱ्या मंगल मावशी नुसत्या पाण्याने विसळायच्या. वृषालीने दाराकडे बघितलं. मावशी दारातच उभ्या होत्या, आणि त्यांना वाटलं आपलं कौतुक चाललंय.

"पुण्याचं पाव्हणं यायचं म्हणून घासल्या की चांगल्या, साबण लावून," मावशी म्हणाल्या. "तुमी म्हणाला न्हाईसा, पर मलाच लाज वाटली."

साबण पाण्याच्या कणांची एकमेकांवरची ओढ सैल करतो. ताणलेली कातडी ढिली पडते आणि सुई खाली जाते. वाटीला चिकटलेला पुसटसा थरही पुरतो. मुलांनी वाट्या मोरीवर नेऊन तीन पाण्यांनी धुतल्या आणि गलका करत पुन्हा प्रयोग केला. सुया तरंगल्या. मग तेजलने बोटाला साबण लावून एकेकाच्या वाटीत बुडवायला आणि सुया बुडवायला सुरुवात केली, तेव्हा मारामारी व्हायची वेळ आली. पाहुण्यांसाठी केलेल्या घासपुशीतून पोरं लेखात नव्हतं ते शिकली.

पायल एकटी जागेवर बसून होती. धुतलेल्या वाटीत तिची सुई तरंगत होती. तिने पान उलटं करून ठेवलं.

"ताई," तिने रेवतीला विचारलं, "माझं पान खोटं बोललं का?"

नाईक पुढे झाला. तो काहीतरी गोड बोलणार होता. रेवतीने त्याला हाताने थांबवलं आणि ती पायलशेजारी जमिनीवर बसली.

"हो, खोटं बोललं. त्याला सुई दिसतच नाही गं. त्याला फक्त तुझा डोळा दिसतो. तुझा डोळा थांबू नये एवढंच मी त्याला शिकवलंय."

पायलने यावर विचार केला. मग ती हळूच म्हणाली, "पण मला तेच आवडतं. ते मला हसत नाही."

वृषालीच्या हातातली लाल पेन्सिल हातातच राहिली. हे वाक्य तिने त्याच आठवड्यात एकदा ऐकलं होतं, दुसऱ्या शब्दांत, आपल्याच लेकीच्या तोंडून. आता सगळ्या माडीने ऐकलं. एरवी तिला हसणारी पोरं पायाच्या अंगठ्याकडे बघू लागली.

*

मुलं गेल्यावर नाईकने शेवटचं सांगून टाकलं. हा दोष पुढच्या आवृत्तीत काढता येईल. आज होकार मिळाला तर 'खडा' राज्यातल्या सगळ्या मुलांपर्यंत पोहोचेल, आणि असली संधी विट्यातल्या मासिकाला पुन्हा मिळणार नाही.

"काय पोचेल?" वृषाली म्हणाली. "प्रत्येकाकडे निराळं काहीतरी पोचेल. गडचिरोलीच्या पोराने आणि विट्याच्या पोरीने एकच वाक्य वाचलं, तर ती दोघं त्या वाक्यावर भांडू शकतात. भांडण मिटवायला वाटी आहे, पाणी आहे. तुम्ही वाक्यच निरनिराळं दिलंत तर पोरं भांडणार कशावर? माझा अंक घटून सोळा पानांचा होऊ दे, चार पानांचा होऊ दे. नाही देणार."

विट्यातलं मासिक, असं तो म्हणाला होता तेही तिला झोंबलं होतं. तिने त्याला ऐकवलं की तुमच्या यंत्राला मराठी वाचायला विट्यानेच शिकवलंय, हे घरी जाताना आठवा.

नाईकने रेवतीकडे बघितलं. आजच्या चाचणीच्या अहवालात वाट्यांचा घोटाळा एवढंच लिहू, असं त्याने सुचवलं. रेवतीने नकार दिला. पायलच्या आणि अफताबच्या पानावरचा मजकूर शेजारी शेजारी ठेवून ती अहवाल देणार होती, स्वतःच्या नावाने, आणि शाळाखात्यालाही पाठवणार होती. नाईकने विचारलं, याचा अर्थ कळतो ना. ती म्हणाली, कळतो, मी सावकाश वाचते पण पुरतं वाचते.

वृषाली खिडकीकडे तोंड करून उभी होती. ती वळली नाही. पण तिची मान ताठ झाली होती, आणि खाली छपाईवाल्यांना तिने उगाच मोठ्याने हाक मारून चहा सांगितला.

पुढे जे व्हायचं ते झालं. अहवालामुळे विज्ञानाचे लेख सरळपानावर न्यायचं शाळाखात्याने तूर्त थांबवलं. गोष्टी आणि कविता गेल्याच. 'खडा'ची शाळांतली खरेदी निम्म्यावर आली आणि अंक खरंच सोळा पानांचा झाला. रेवतीला प्रकल्पावरून काढून कुठल्याशा चाचणी विभागात बसवलं. तिने नोकरी सोडली नाही. यंत्र बनवणाऱ्यांत खरं बोलणारं एक माणूस आत असलेलं बरं, असं तिचं म्हणणं. आईला ते पटलं नाही, पण गल्लीत कुणी लेकीला नावं ठेवली तर ती त्याला सोडायची नाही.

सभेची रीत मात्र वृषालीने मोडली. पंचवीस वर्षांची, तिच्या गर्वाची रीत. मूल एकटं उभं राहून वाचणार नाही. सगळी मुलं मनातल्या मनात वाचणार, आणि मोठ्याने वाचणार ते मोठं माणूस. लाल पेन्सिल मुलांच्या हातात.

पहिला लेख आला तो रेवतीचाच. डोळ्याच्या बाहुलीवर. शनिवारी ती मुद्दाम विट्याला आली आणि मुलांच्या घोळक्यात मांडी घालून बसली. वृषाली उभी राहिली आणि वाचू लागली. दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होतं. एका डोळ्यावर हात धरला तर उजेडात असलेल्या दुसऱ्या डोळ्याची बाहुलीही रुंदावते. वृषाली थांबली. मागे गेली. पुन्हा वाचलं, पुन्हा थांबली. उजेडातली का रुंदावेल? तिला हे माहीत नव्हतं. कानाच्या पाळ्या गरम झाल्याचं तिला जाणवलं.

पोरं खदखदली. तेजल म्हणाली, "बाई अटकल्या, बाई अटकल्या."

पायलने मान खाली घातली आणि लाल खूण केली, ठसठशीत. मग तिने मान वर करून बाईंकडे बघितलं आणि म्हणाली, "बाई, सावकाश वाचा. आमी हाय."

वाचन तिथेच थांबलं. असं होतं की नाही ते बघितल्याशिवाय पुढे जायला कुणी तयार नव्हतं. सगळी वरात जिना उतरून गल्लीतल्या कोवळ्या उन्हात आली. पोरं जोड्या करून एकमेकांच्या डोळ्यांत डोकावू लागली. दूधगाडीवाला गाडी थांबवून, काय चाललंय, विचारू लागला. अफताबने त्यालाही एक डोळा झाकायला लावला.

वृषालीने उजव्या डोळ्यावर तळवा धरला. रेवती तिच्यासमोर आली, नाकाला नाक लागेल इतकी जवळ. आईने हसू दाबलं तशी ती म्हणाली, हलू नकोस. तपकिरी कड्याच्या आतलं ते काळंभोर वर्तुळ तिने निरखून बघितलं. आईने हात काढला, वर्तुळ लहान झालं. हात ठेवला, मोठं झालं.

"दोन्ही डोळ्यांचा उजेड मेंदूत एकत्र होतो," रेवती म्हणाली, "आणि हुकूम दोघांना एकच सुटतो."

"पण एकच का?" पायलने खालून विचारलं. "उजेडातल्याला काय गरज होती?"

ते रेवतीलाही माहीत नव्हतं. ती पुन्हा आईच्या डोळ्यात बघू लागली.

"ताई, सरका की," पायलने तिला कोपराने ढकललं. "मला बघू दे."